महिन्याची वर्गणी आणि फुकटचा पडदा

श्रोतेहो, राम राम.

नवा टीव्ही घरी आला की सोबत दोन-तीन ॲपची वर्गणीही येते. पहिला महिना एक रुपया, पुढे खात्यातून गुपचूप पैसे जायला लागतात. आणि घरात बघितलं काय जातं? श्रावणात कानबाईची गाणी, एरवी अहिराणी कॉमेडी, कीर्तन, केळीच्या करप्यावरचा एखादा व्हिडिओ आणि भारताची मॅच. यातलं जवळपास सगळं फुकटात मिळतं, तेही सरळ मार्गाने.

आधी चालू गळती बंद करू. ॲप मोबाइलमधून काढलं म्हणजे वर्गणी थांबली, असं बरेच जण समजतात. थांबत नाही, कारण पैसे कापायची परवानगी आपण यूपीआयला दिलेली असते. ज्या यूपीआय ॲपवरून पहिला रुपया भरला ते उघडा, प्रोफाइलमध्ये जा, ‘ऑटोपे’ शोधा. चालू परवानग्यांची यादी दिसेल. नको ती रद्द करा, पिन मागितला तर टाका. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी कळवायचं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कळवलं जातंही, पण तो मेसेज जाहिरातींच्या ढिगात दबतो. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना एखादी मालिका बघायचीच असेल, तर एका महिन्याचेच पैसे भरा आणि ऑटोपे लगेच बंद करा. वर्षभराची वर्गणी स्वस्त दिसते खरी, पण कापूस वेचणीच्या दिवसांत टीव्हीपुढे बसायला वेळ कोणाला असतो?

आता फुकटच्या व्हिडिओची खरी किंमत, म्हणजे डेटा. चित्राची स्पष्टता ४८० पी ठेवली तर तासाला साधारण अर्धा जीबी जातो, १०८० पी या जास्त स्पष्ट चित्राला दीड ते तीन. रोजचा पॅक दीड जीबीचा असेल तर पहिल्या हिशोबाने तीन तास निघतात, दुसऱ्याने जेमतेम तास. मग वेग ६४ केबीपीएसवर उतरतो आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहतं. यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये व्हिडिओ क्वालिटीत जाऊन मोबाइल नेटवर्कसाठी ‘डेटा सेव्हर’ निवडून ठेवा. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर फरक फारसा कळतही नाही.

पण इथेच एक गोम आहे. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून टीव्हीवर बघताना ही सेटिंग उपयोगाची नाही. टीव्ही स्वतः इंटरनेटवरून व्हिडिओ ओढतो, हॉटस्पॉटला तो वायफाय समजतो आणि मिळेल तितकं मोठं चित्र मागतो. दुपारपर्यंत पॅक संपतो तो यामुळे. टीव्हीवर व्हिडिओ सुरू असताना रिमोटने चाकाच्या खुणेवर जाऊन ४८० पी निवडा. पुढचा व्हिडिओ आपोआप लावणारं ऑटोप्लेही बंद करा, नाहीतर माणूस झोपतो आणि टीव्ही जागा राहतो.

धडगाव, तोरणमाळकडे जिथे रेंज टिकत नाही, तिथल्यांनी शहाद्याला आल्यावर वायफायवर व्हिडिओ डाउनलोड करून न्यावेत. यूट्यूबवर पैसे न भरता केलेलं डाउनलोड साधारण ४८ तास चालतं, मग मोबाइल पुन्हा एकदा इंटरनेटला जोडावा लागतो.

जुने सिनेमे बघताना चॅनल नीट पाहा. चित्र आरशातल्यासारखं उलटं, भोवती जाड चौकट आणि आवाज किंचित चिरका असेल, तर तो चोरीचा माल. यूट्यूबच्या यंत्रणेने चोरी ओळखू नये म्हणून केलेली ती सोय असते. टेलिग्रामवर नवा सिनेमा म्हणून एपीके फाइल, म्हणजे सिनेमा नव्हे तर मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल, आली तर हात लावू नका. ती मेसेज वाचायची परवानगी मागते, म्हणजे ओटीपीची किल्लीच. प्रसार भारतीचं वेव्हज हे ॲप नोव्हेंबर २०२४मध्ये आलं, दूरदर्शनच्या जुन्या साठ्यासाठी ते बघण्यासारखं आहे.

राहिली मॅच. २०२३ आणि २०२४चं आयपीएल मोबाइलवर फुकट दिसलं, २०२५पासून वर्गणी आली. भारतीय पुरुष संघाच्या वनडे आणि टी-२० सामन्यांचं मात्र तसं नाही. २००७च्या कायद्यामुळे त्यांचं प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावं लागतं आणि ते डीडी फ्री डिशवर दिसतं. आमच्या मते खेड्यातल्या घराला याहून चांगला सौदा नाही: एकदा डिश आणि बॉक्स घ्यायचा, महिन्याला काही नाही, डेटाही नाही. बॉक्स घेताना एमपेग-४ या नव्या पद्धतीचाच मागा. जुन्या एमपेग-२ बॉक्सवर सगळ्या वाहिन्या येत नाहीत.

उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे जळगाव-धुळ्याहून डिश आग्नेयेला धरायची, आभाळात साधारण ५७ अंश वर. ताटली त्याहून बरीच उभी दिसते, त्यावर जाऊ नका. एलएनबी, म्हणजे ताटलीपुढच्या दांडीवरचा सिग्नल पकडणारा डबा, मध्यावर नसून खाली असल्यामुळे तसं भासतं. त्या दिशेला लिंबाची फांदी आली तरी सिग्नल अडतो. जोराच्या सरीत चित्र फुटलं तर गच्चीवर चढून डिश हलवू नका, बॉक्सचं सेटिंगही छेडू नका. सर ओसरली की चित्र आपोआप परत येतं. आलंच नाही, तर एलएनबीजवळ केबलच्या जोडात पाणी शिरलंय का ते बघा. जोड कोरडा करून त्यावर टेप घट्ट गुंडाळला की बहुतेक वेळा काम भागतं.