कॅनॉटच्या दुसऱ्या मजल्यावर

(दृश्य : सकाळ. सिडको. दुकानांची शटर वर जातायत, जिन्याशी दुचाक्यांची गर्दी.)

छत्रपती संभाजीनगर. सिडकोतलं कॅनॉट प्लेस. खाली कपड्यांची दुकानं, झेरॉक्स, चहा. जिना चढून वर गेलं की क्लासेस, सीएंची ऑफिसं आणि वेबसाइट बनवणाऱ्या छोट्या कंपन्या. मोजकी माणसं, दोन इंटरनेट लाइनी, एक इन्व्हर्टर, भिंतीला पांढरा बोर्ड. चिकलठाणा, वाळूज, शेंद्र्याच्या कारखान्यांमुळं या शहराची औद्योगिक ओळख झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या या कामाची ओळख मात्र अजून शहरालाही नीटशी नाही.

अशाच एका कंपनीत सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर पहिला मेसेज येतो तो बहुतेकदा कामाचा नसतोच. "सर, आज पाण्याचा दिवस आहे. थोडा उशीर होईल." पैठणचं जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झालं, इथून पन्नासेक किलोमीटरवर आहे. तरी या शहरात नळाला पाणी येतं ते काही दिवसांच्या अंतरानं, आणि त्या दिवशी घरी कुणीतरी थांबावंच लागतं. ऑफिसात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मीटिंग पुढं ढकलली जाते.

(दृश्य : बोर्डासमोर उभी टीम. हातात चहाचे कप.)

मग उभ्या उभ्या होणारी रोजची बैठक. तीन प्रश्न : काल काय झालं, आज काय करणार, कुठं अडलंय? पहिल्या दोन्हींची उत्तरं सगळे देतात. तिसऱ्याला नवी मुलं गप्प राहतात.

जिंतूरकडच्या एका खेड्यातली मुलगी गेल्या जूनमध्ये इथं लागली. वडील शेती करतात, घरात इंजिनिअर झालेली ही पहिलीच. पहिल्या महिन्यात ती रोज एकच सांगायची, "करू लागलेय सर, होईल." होत नव्हतं. एका पैठणी विकणाऱ्या दुकानाची मराठी वेबसाइट होती, आणि शीर्षकातल्या वेलांट्या, रफार वरून कापले जात होते. अक्षरांच्या डोक्यावरची रेघसुद्धा मध्येच तुटत होती. दोन दिवस ती एकटीच झगडली.

तिच्या सीनिअरनं खुर्ची ओढली आणि शेजारी येऊन बसला. डिझाइन इंग्रजी अक्षरं धरून झालं होतं. इंग्रजीला वर मात्रा नाही, खाली उकार नाही. तिथं दोन ओळी जवळजवळ ठेवल्या तरी चालतात. देवनागरीला वर-खाली जागा लागते, ओळीची उंची वाढवावी लागते. आणि शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलं होतं. इंग्रजीत ते शोभतं, मराठीत शिरोरेषा तोडतं. ते अंतर शून्यावर आणलं आणि रेघ जुळली. दोन ओळींचा बदल.

त्यानंतर सीनिअरनं टीमसाठी एक नियम घालून दिला : अर्ध्या तासापेक्षा जास्त अडलं तर विचारायचंच. कॉलेजातून येताना ही मुलं 'जमत नाही' म्हणण्याची भीती सोबत घेऊन येतात. अंकगणित आलं, भाषा आल्या, डिग्री मिळाली. न समजलेलं उघड सांगायची सवय कुणी लावली नाही. आम्हाला वाटतं, अशा कंपन्यांचं सगळ्यात मोठं काम हेच आहे. वेबसाइट तर होतातच.

(दृश्य : टेबलावर चार-पाच जुने मोबाइल. एका स्क्रीनला तडा.)

ही टेस्टर, म्हणजे वेबसाइट खुली व्हायच्या आधी तपासणारी. बीकॉम झालेली. कोड लिहीत नाही, पण तिनं होकार दिल्याशिवाय काहीही लाइव्ह जात नाही. तिच्या टेबलावर मुद्दाम जपून ठेवलेले स्वस्त, जुने मोबाइल आहेत. ऑफिसातल्या मोठ्या स्क्रीनवर, वायफायवर सगळंच पळतं. तिला बघायचं असतं ते वेगळं : गेवराईच्या बसस्टँडवर, नेटवर्कची एक काडी असताना पान उघडतं का?

जालना हे बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली तिथं महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली, आणि पुढं त्या जिल्ह्यात बियाण्यांचा उद्योग वाढत गेला. या ऑफिसकडंही एका बियाणे व्यापाऱ्याचं काम आहे, डीलरांनी मागणी नोंदवायचं पोर्टल. मृग लागायच्या तोंडावर त्यावर झुंबड उडते. एका डीलरचा मोबाइल नंबर पोर्टल घेतच नव्हतं. टेस्टरनं त्याला फोन लावला, तो टाइप कसं करतो ते विचारलं. त्याचा कीबोर्ड मराठी होता आणि तो आकडे देवनागरीत टाकत होता. जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे ब्राउजरमध्ये चालणाऱ्या कोडच्या भाषेत, अंक तपासायची जी नेहमीची खूण आहे, ती फक्त इंग्रजी आकडे ओळखते. डीलरनं बरोबर नंबर टाकला होता. चुकीचा ठरत होता तो मराठी आकडा. आता तिच्या यादीत ही तपासणी कायमची आहे. प्रत्येक फॉर्ममध्ये ती आधी मराठी आकडे टाकून बघते.

फ्रंटएंड म्हणजे गिऱ्हाइकाला दिसणारा भाग, बॅकएंड म्हणजे मागं चालणारा भाग, डिझाइन, क्लायंटशी बोलणारा मॅनेजर, अशी कामांची वाटणी आहे, पण इतक्या छोट्या जागेत ती काटेकोर राहत नाही. वेबसाइट ज्यावर चालते तो सर्व्हर मॅनेजरलाही रीस्टार्ट करता येतो. डिझाइन करणारा पैठणीचे फोटो स्वतः खिडकीपाशी काढतो, कारण ट्यूबलाइटखाली मोरपंखी रंग निळा दिसतो आणि गिऱ्हाईक साडी परत पाठवतं.

(दृश्य : संध्याकाळ. हेडफोन लावलेले चेहरे. जालना रोडवरची रहदारी.)

संध्याकाळी परदेशातल्या क्लायंटचे कॉल. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागं, उन्हाळ्यात साडेचार. न्यूयॉर्क साडेदहा, नाहीतर साडेनऊ. दोन्हीकडं घड्याळं वर्षातून दोनदा तासभर पुढंमागं करतात, पण वेगवेगळ्या रविवारी, त्यामुळं मार्चमध्ये आणि ऑक्टोबरच्या शेवटी काही दिवस सगळ्या वेळा सरकतात. बोर्डाच्या कोपऱ्यात त्या तारखा लिहून ठेवल्यात.

कॉलवर इंग्रजी बोलायचं म्हटलं की नव्यांचा घसा कोरडा पडतो. इथं एक साधी पद्धत आहे. बोलायचं ते आधी चॅटवर लिहून सीनिअरला दाखवायचं, मग तेच वाचायचं. काही आठवड्यांनी लिहायची गरज उरत नाही. जिंतूरच्या त्या मुलीनं पहिल्यांदा स्वतःहून क्लायंटला सांगितलं, की तुम्ही मागताय तो बदल केला तर पान जड होईल, आणि क्लायंटनं ते ऐकलं. ती गोष्ट तिनं रात्री आईला फोनवर सांगितली.

रात्री-अपरात्री सर्व्हर पडतो, तेव्हा कुणाला तरी उठावं लागतं. या क्षेत्रात ते गृहीत धरलं जातं, आणि ते चुकीचं आहे. जागरणाची बदली सुट्टी द्यायलाच हवी. इथं ती मिळते.

हे सगळं एखाद्या खेड्यातल्या मुलीपर्यंत पोचलं कसं? १९९१ साली वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांची जगातली पहिली वेबसाइट सगळ्यांसाठी खुली झाली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेनं वेबचं तंत्र सगळ्यांना फुकट देऊन टाकलं. भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ पासून, व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीकडून. त्याच वर्षी रास्मुस लेर्डोर्फ यांनी पीएचपी ही वेबसाइट बनवायची भाषा खुली केली, २००३ साली वेबसाइट उभी करायचं वर्डप्रेस आलं. वेब, पीएचपी, वर्डप्रेस, यातल्या कशालाही परवाना विकत घ्यावा लागला नाही. कुठल्याही पानाचा ब्राउजरपर्यंत येणारा कोड उघडून बघता येतो, वाचून शिकता येतं. महागडी सॉफ्टवेअरं लागली असती तर या मजल्यावर हे ऑफिस उभंच राहिलं नसतं.

अलीकडं कोड लिहून देणारी एआयची साधनं आली, आणि नव्या मुलांच्या मनात भीती बसली की आपलं काय होणार. इथं ती साधनं वापरतात. फक्त अट एवढीच, की आलेली प्रत्येक ओळ समजावून सांगता आली पाहिजे. सांगता आली नाही तर ती ओळ आत जात नाही.

(दृश्य : मध्यवर्ती बसस्थानक. पुण्याची बस.)

आता पुण्याविषयी. दोन-तीन वर्षं झाली, हात बसला, की मुलं पुण्याला जातात. पगार जास्त, कंपनी मोठी, आणि सोयरीक जुळवताना 'मुलगा पुण्याला असतो' याला वजन आहे. त्यात त्यांचं काही चुकत नाही. काही ठिकाणी मुलांना अडकवायला ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा बाँड लिहून घेतात, मूळ मार्कशीटही ठेवून घेतात. ज्याच्या आईबापानं कर्ज काढून शिकवलं, त्याची कागदं कुलपात ठेवणं हा अन्याय आहे. या ऑफिसात बाँड नाही. जाणारा जातो, महिनाभर आधी सांगतो आणि आपलं काम दुसऱ्याला शिकवून जातो.

शिकवून जाणं म्हणजे काय, ते गिटमध्ये दिसतं. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली बनवलेल्या या साधनात कोडची प्रत्येक ओळ कुणी, कधी बदलली त्याची नोंद राहते. सोबत दोन शब्द लिहायचे असतात. घाईत बरेच जण नुसतं 'फिक्स' लिहितात. इथं तसा बदल परत पाठवतात : का बदललं ते लिही.

गेल्या वर्षी त्या मुलीला बियाण्यांच्या पोर्टलमध्ये एक विचित्र मर्यादा दिसली. एका मिनिटात ठरावीक मागण्याच घ्यायच्या. तिला ती काढून टाकायची होती. काढायच्या आधी तिनं नोंद उघडली. कंपनी सोडून गेलेल्या एका मुलानं लिहिलं होतं, की पेरणीच्या आधी सगळे डीलर सकाळी एकदमच लॉगिन करतात, मागच्या हंगामात त्या गर्दीनं सगळी माहिती साठवणारा डेटाबेस बंद पडला होता, सर्व्हर बदलेपर्यंत ही मर्यादा काढू नका. तिनं त्याला पुण्याला फोन केला. "दादा, सर्व्हर आता बदललाय, काढू का?" त्यानं अजून दोन गोष्टी तपासायला सांगितल्या. त्यातली एक खरोखर राहून गेली होती. ती दुरुस्त झाली, मगच मर्यादा काढली. यंदा हंगामात पोर्टल एकदाही बंद पडलं नाही.

(दृश्य : मुलाखतीची खोली. बाहेर बाकावर फायली घेऊन बसलेली मुलं.)

जून आला की नव्या मुलाखती सुरू होतात. हिंगोली, अंबाजोगाई, उमरगा, किनवट, कुठून कुठून मुलं येतात. गुणपत्रिका बघतात, छोटासा कोड लिहायला देतात. आणि सीनिअर प्रत्येकाला विचारतो, "यातलं तुला काय आलं नाही?" जो न लाजता सांगतो, त्याला घेतात.

यंदा दोघांना घेतलंय. त्यातल्या एकाला शिकवायचं काम जिंतूरच्या मुलीकडं आहे.