पन्नास पौंडांची पैज

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय १९५८ सालच्या ‘कॅरी ऑन सार्जंट’ या ब्रिटिश विनोदपटाबद्दल. दिग्दर्शक जेराल्ड थॉमस, निर्माते पीटर रॉजर्स. ‘कॅरी ऑन’ नावाखाली पुढे तीसेक चित्रपट निघाले, त्यातला हा पहिला. तेव्हा ब्रिटनमध्ये तरुण मुलांना लष्करात सक्तीची चाकरी करावी लागे. दोन वर्षं! हुकूम आला की निघायचं.

तर चार्ली सेज नावाचा एक तरुण. नुकतंच लग्न लागलंय, पाहुणे मेजवानीला बसलेत आणि नवरदेवाच्या हातात कागद पडतो: छावणीत हजर व्हा. (आपल्याकडे अक्षता हातात धरून ताटकळलेल्या माणसांना माइकवरून अर्धा तास आशीर्वाद ऐकवणाऱ्या पुढाऱ्यांना असा कागद कोणी धाडेल का? असो.) चार्ली बिचारा निमूट जातो. त्याची मेरी मात्र निमूट बसणारी नाही. लग्नाची पहिली रात्र, आणि नवरा बराकीत? ती सरळ छावणीत घुसते, तिथल्या कॅन्टीनमध्ये कामालाच लागते! आता गंमत बघा. नवरा इकडे कवायतीत घाम गाळतोय, बायको तिकडे काउंटरमागे, आणि दोघांच्या मध्ये अख्खं ब्रिटिश लष्कर. नवराबायको असून भेटायचं चोरून! हा भाग मी कितीही वेळा बघितला तरी हसू आवरत नाही.

चार्लीच्या तुकडीला कवायत शिकवणारा सार्जंट ग्रिमशॉ निवृत्तीला आलेला. त्याची कुठलीही तुकडी आजवर कधी पहिली आली नाही. म्हणून तो दुसऱ्या सार्जंटशी पैज लावतो, यंदा आपली तुकडी पहिली येणार, पन्नास पौंडांची. लक्षात ठेवा, पन्नास! आणि वाट्याला येतात हे नमुने. एकाला तर वैद्यकीय तपासणीत आपण धडधाकट निघालो याचंच दुःख. तरी ग्रिमशॉ ठरवतो, यंदा ओरडायचं नाही, गोडीनं घ्यायचं. गाडी काही पुढे सरकत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री तो हताश होऊन बोलतो, ते पोरांच्या कानावर पडतं. दुसऱ्या दिवशी तीच तुकडी पहिली!

हा ग्रिमशॉ रंगवला विल्यम हार्टनेलनं. लष्करी भूमिकांचा शिक्का बसल्यामुळे तो वैतागला होता. १९६३ मध्ये बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेचा नायक ‘डॉक्टर’ पहिल्यांदा रंगवला, तो यानंच.