लोंढ्याच्या पुढचा एक तास: कॅसलरॉकचा घाट गाडीतून कसा बघावा

नमस्कार मंडळी.

पाऊस लागला की बेळगावात घरटी एक बोलणं निघतंच. “यंदा दूधसागर बघून येऊया की!” मग मोबाईलवरचे व्हिडिओ एकमेकांना दाखवणं सुरू होतं. पांढरंशुभ्र पाणी आणि त्याच्या पोटातून जाणारी गाडी. आता माझं म्हणणं ऐका. गाडीतून तो धबधबा दिसतो जेमतेम दोन-तीन मिनिटं. घाट उतरायला मात्र तास-सव्वा तास लागतो. त्या वेळात रुळांवर काय चाललंय हे कळलं, तर खिडकीतलं सगळंच वेगळं दिसायला लागतं. म्हणून आज आपण त्या तासाबद्दल बोलूया.

(खिडकीतून शॉट: खानापूरची भातशेती)

बेळगाव सोडलं की देसूर, खानापूर, गुंजी, लोंढा. भाताची खाचरं, कौलांची घरं, मग हळूहळू झाडी दाट होत जाते. हा भाग डबा खायचा. भाकरी, शेंगाची चटणी, दही, जे असेल ते लोंढ्याच्या आत संपवून हात धुऊन बसा. पुढं हात मोकळे पाहिजेत.

लोंढ्यानंतर तिनईघाट आणि मग कॅसलरॉक. इथं आपण सह्याद्रीच्या अगदी काठावर येतो. जिल्हाही बदललेला असतो, हे उत्तर कन्नड. एकेकाळी इथं देशच बदलायचा. वरचा मुलूख इंग्रजांचा, खाली गोवा पोर्तुगीजांचा. १८७८ साली दोघांत करार झाला, की मुरगावला बंदर बांधायचं आणि तिथून घाट चढून रेल्वे वर आणायची. खालची लाईन वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे या कंपनीची, वरची सदर्न मराठा रेल्वेची. १८८८ मध्ये दोन्ही लाईनी कॅसलरॉकला जुळल्या. घाटाला नाव पडलं ब्रागांझा, पोर्तुगालच्या राजघराण्यावरून.

म्हणजे फलाट एक आणि सरकारं दोन. इंग्रजांचं कस्टम कॅसलरॉकला, पोर्तुगीजांचं खाली कुळे स्टेशनवर. माझी आज्जी खानापूरची, तिची थोरली बहीण मडगावात दिलेली. आज्जी सांगायची, गाडी थांबली की पेटी उघडून दाखवावी लागायची. एकदा तिनं बहिणीला द्यायचं कोरं लुगडं पेटीत न ठेवता घडी मोडून अंगावरच नेसलं. कोऱ्या कापडावर जकात बसेल, नेसलेल्यावर कोण मागणार, असा तिचा हिशोब. पुढं १९५५ साली, गोवा मुक्तीच्या सत्याग्रहानंतर, ही वाहतूकच बंद झाली. त्या लढ्यात आपलं बेळगाव सत्याग्रहींचं मोठं ठाणं होतं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि ती हद्दही गेली.

आता घाट.

कॅसलरॉक ते कुळे सुमारे २६ किलोमीटर. चढ आहे सदतिसास एक. म्हणजे गाडी ३७ मीटर पुढं गेली की एक मीटर खाली उतरते. ऐकायला किरकोळ वाटतं. मोटारीला ते काहीच नाही. पण रेल्वेचं चाक लोखंडाचं आणि रूळही लोखंडाचा. दोघांत पकड फार थोडी, म्हणून तर एवढं वजन सहज ओढता येतं. हाच गुण घाटात उलटतो. नुसत्या एका डब्याच्या दोन टोकांत अर्ध्या मीटरहून जास्त फरक पडतो, आणि मागं असे वीस-बावीस डबे ढकलत असतात.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक करा. पाण्याची बाटली निम्मी भरा आणि खिडकीजवळच्या छोट्या टेबलावर आडवी ठेवा, तोंड इंजिनाच्या बाजूला. हातानं धरून ठेवा.

(क्लोजअप: बाटली)

बघा, पाणी तोंडाकडे जमलंय. वीत-दीड वीत बाटलीत अर्धा-पाऊण सेंटिमीटरचा फरक. तेवढाच तो घाट. तेवढ्याशा उतारासाठी कॅसलरॉकला गाडी थांबवून ब्रेक तपासतात, तेवढ्यासाठी गाडी एवढी सावकाश उतरते. मध्येच जळक्या लोखंडासारखा वास आला तर घाबरू नका, तो तापलेल्या ब्रेकचा. परतीला चढताना उलटा खेळ असतो. कुळ्याला गाडीच्या मागं जादा इंजिनं जोडतात. रेल्वेची माणसं त्याला बँकर म्हणतात. पुढचं ओढतं, मागची रेटतात. शेवटच्या डब्यात बसलात तर तो रेटा पाठीला जाणवतो. मला विचाराल तर चढतीचा प्रवास जास्त रंगतो, इंजिनाचा आवाज बोगद्यात शिरताना अंगावर येतो.

खाली करंझोळ, दूधसागर, सोनावळी अशी छोटी स्टेशनं लागतात. लाईन एकेरी आहे, त्यामुळे क्रॉसिंगला गाडी थांबते आणि लोक कुरकुरतात. दुसरी लाईन टाकायची योजना होती, मोलेच्या जंगलातून. गोव्यात तिला मोठा विरोध झाला. वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीनं दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये रद्द केली. मला तो निर्णय मनापासून पटला. अर्धा तास थांबायची माझी तयारी आहे. थांबलेल्या गाडीतच जंगलाचा आवाज कानावर येतो.

मग एका बोगद्यातून बाहेर पडताना डब्यातला उजेड एकदम पांढरा होतो. दूधसागर. उंची ३१० मीटर, पाणी टप्प्याटप्प्यानं कोसळतं आणि आपल्या पुलाच्या कमानींखालून दरीत जातं. पुढं हेच पाणी मांडवीला मिळतं. तुषार थेट आत येतात, काच वर असली तर तोंड भिजतं. तेव्हा मोबाईल खिशात ठेवा.

आणि इथं उतरू नका. हे मी जीव तोडून सांगतोय. पंधरा वर्षांपूर्वी आम्ही चौघे मित्र इथं उतरून रुळांवरून चालत निघालो होतो. बोगद्यात निम्म्यावर होतो, वळण असल्यानं पुढचं तोंड दिसत नव्हतं. आधी पायाखालची खडी थरथरली, मग मालगाडीचा दिवा. भिंतीत गँगमनसाठी कोनाडे असतात, त्यातल्या एकात आम्ही चौघे एकमेकांवर चिकटून उभे राहिलो. मालगाडीचे डबे हाताच्या अंतरावरून जात होते. मी मोजायला लागलो आणि सतराच्या पुढं मोजता येईना. बाहेर आल्यावर आमच्यातला एकजण रुळांपासून लांब जाऊन रडत बसला. त्या मालगाडीच्या ड्रायव्हरला आम्ही दिसलो असू तर त्याचं काय झालं असेल, हे मला फार उशिरा सुचलं. रुळांवरून असं चालणं हा रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली गुन्हाही आहे. धबधब्याच्या पायथ्याशी जायचंच असेल तर पावसाळा सरल्यावर कुळ्याहून जीप सुरू होतात, त्यांनी जा.

जायचं कसं? वेळापत्रक बदलत राहतं, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी रेल्वेच्या ॲपवर बघा. एकच धरून चाला, की कॅसलरॉक ते कुळे हा पट्टा दिवसाउजेडी पार करणारी गाडी घ्यायची. रात्रीच्या गाडीत फक्त ब्रेकचा वास मिळेल. परतीची गाडी आधी ठरवा आणि मग जायची.

(शॉट: गोधडीचा कोपरा)

जाता जाता त्या लुगड्याचं सांगतो. जकात चुकली, पण तेव्हा इंजिन कोळशाचं. आज्जी घाटभर खिडकीशी बसली होती, आणि एक ठिणगी येऊन पदराला मोहरीएवढं भोक पडलं. बहिणीला देताना तिनं ते मुठीत लपवलं होतं म्हणे. लुगडं विरल्यावर त्याची गोधडी झाली. ही बघा, मडगावच्या घरात अजून आहे. इथं, या दोऱ्याच्या शेजारी, ते भोक. बोट लावलं की कडा अजून कडक लागते.