फ्लॅशच्या पायातले व्होल्ट

सीताबर्डीतलं हे दुरुस्तीचं टेबल. समोर व्हिव्हिटार २८३, रिळाच्या जमान्यातली लग्नाच्या फोटोग्राफरांची लाडकी फ्लॅशगन. चार पेन्सिल सेल टाकले, बारीक शिट्टी वाजली, रेडी लाइट लागला. पोरगं खूश. काकांची फ्लॅश चालू आहे म्हटल्यावर ती थेट डिजिटल कॅमेऱ्यावर चढवायला निघालं.

"थांब ना बा, आधी मीटर तर लावू दे."

मल्टिमीटर डीसीवर, रेंज मोठी. लाल टोक फ्लॅशच्या तळाच्या मधल्या पिनेला, काळं बाजूच्या पत्र्याला. बोटं धातूपासून लांब. आकडा चढत चढत दोनशेच्या वर जाऊन थांबतो.

जुन्या फ्लॅशमध्ये ट्रिगरचं, म्हणजे फ्लॅश उडवायच्या जोडणीचं, हे व्होल्टेज थेट पायाशी येऊन बसतं. रिळाच्या कॅमेऱ्यात शटरसोबत दोन पत्र्या टेकायच्या आणि फ्लॅश उडायचा, त्यांना त्या व्होल्टेजचं काही वाटायचं नाही. डिजिटलमध्ये तेच काम नाजूक इलेक्ट्रॉनिक स्विच करतो. निकॉनच्या अनेक डीएसएलआरच्या पुस्तिकेत २५० व्होल्टची मर्यादा छापलेली असते. काही कॅमेऱ्यांना मात्र यापेक्षा फारच कमी चालतं. तुमच्या कॅमेऱ्याची पुस्तिका काही सांगत नसेल, तर दहाच्या आतलाच फ्लॅश लावा.

आणि "माझा तर चालून राहिला" हा पुरावा धरू नका. पहिल्याच फोटोला कॅमेरा जातो असं नाही. मॉडेलच्या नावावरही जाऊ नका: जपानमध्ये बनलेल्या सुरुवातीच्या २८३ मध्ये शेकड्यांनी व्होल्ट निघतात, नंतरच्या बऱ्याच २८३ मध्ये दहाच्याही आत. मोजल्याशिवाय कळत नाही.

व्होल्टेज जास्त निघालं, तरी फ्लॅश भंगारात टाकायची गरज नाही. व्होल्टेज उतरवणारा सेफ-सिंक अडॅप्टर मिळतो. नाहीतर फ्लॅश स्टँडवर ठेवून त्याला दुरून, बिनतारी उडवणारा रेडिओ ट्रिगर लावा. तेव्हा झटका फ्लॅशला जोडलेल्या रिसीव्हरला बसतो, म्हणून त्याचीही मर्यादा बघा. ऑप्टिकल स्लेव्ह, म्हणजे दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून आपला फ्लॅश उडवणारा सेन्सर, वापरणार असाल, तर कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मॅन्युअलवर हवा. टीटीएलमध्ये, म्हणजे कॅमेरा स्वतः फ्लॅशचा उजेड ठरवतो तेव्हा, फोटोआधी एक मोजणीचा प्री-फ्लॅश उडतो; त्याने स्लेव्ह आधीच उडतो आणि फोटो काळा येतो.

एक मात्र पक्कं: फ्लॅश घरी उघडायचा नाही. आतल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या आसपास व्होल्ट असतात आणि सेल काढल्यावरही ते बराच वेळ टिकतात. दुरुस्तीवालेसुद्धा आधी रेझिस्टर लावून तो रिकामा करतात, मगच आत हात घालतात.