सोलापूरच्या उन्हात कोणती बॅटरी तग धरेल?

श्रोतेहो, नमस्कार. एप्रिल-मे आला, पारा चाळिशीपार गेला आणि भर दुपारी लाईट गेली, की घराची सगळी मदार इन्व्हर्टरवर. इन्व्हर्टर वर्षानुवर्षं चालतो, दगा देते ती बॅटरी. म्हणून आज बोलू या बॅटरीबद्दल.

शिसं आणि पातळ सल्फ्युरिक आम्ल यांवर चालणारी ही बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केली. मूळ तत्त्व आजही तेच आहे, फरक आहे तो प्लेटच्या घडणीत.

स्वस्तात मिळते ती फ्लॅट प्लेट. शिशाच्या जाळीवर लगदा थापलेला असतो. बॅटरी वारंवार उतरली-चढली की धन प्लेटवरचा हा चॉकलेटी लगदा सुटून तळाशी गाळ साचतो. ट्युब्युलरमध्ये हाच माल शिशाच्या काड्यांभोवतीच्या सच्छिद्र नळ्यांत दाबून भरतात, त्यामुळे तो सहजी गळत नाही. ती महाग आणि जड असते, दीडशे अँपिअर-अवर क्षमतेची उचलायला दोन माणसं लागतात. पण रोज तासन्‌तास लाईट जात असेल, तर तीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. गाडीची बॅटरी मात्र इन्व्हर्टरला जोडू नका. तिच्या पातळ प्लेटा स्टार्टरला क्षणभर जोरदार करंट देण्यासाठी असतात.

सीलबंद बॅटरीत पाणी घालण्याची कटकट नाही. कॉम्प्युटरच्या यूपीएसला ती ठीक. पण उष्णतेने आतला ओलावा उडाला, तर तो भरून काढायची सोय नाही. जेल बॅटरी, म्हणजे जिच्यातलं आम्ल जेलीसारखं घट्ट केलेलं असतं ती, खोलवर उतरणं बरं सोसते, मात्र चार्जिंगचा व्होल्टेज चुकला की बिघडते.

आता उष्णतेचं गणित. साधारण २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं. पत्र्याच्या खोलीत, गच्चीच्या जिन्याखाली ठेवलेली महागडी ट्युब्युलरसुद्धा लवकर जाते. घरातला गार, हवेशीर कोपरा तिला द्या. हवेशीर अशासाठी, की चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो.

दीडशेचा आकडाही नीट समजून घ्या. बहुधा तो वीस तासांचा हिशेब असतो, म्हणजे साडेसात अँपिअरने सावकाश वापरली तर. तीन पंखे आणि चार दिवे लावले, की करंट पंचवीसच्या पुढे जातो आणि पूर्ण दीडशे हाती लागत नाहीत. शिवाय दरवेळी अर्ध्यावरच थांबलात, तर ती जास्त वर्षं टिकते.

ट्युब्युलरच्या झाकणावरचा, पाण्याची पातळी दाखवणारा फ्लोट खाली गेला, की डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरचं पाणी अजिबात नको, त्यातले क्षार प्लेटा खराब करतात. आणि आम्ल तर घालूच नका, उडतं ते फक्त पाणी.

खरेदीच्या वेळी उत्पादनाचा महिना तेवढा बघून घ्या. दुकानात चार्ज न करता महिनोन्‌महिने पडलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो. जुनी बॅटरी दुकानदारालाच द्या, शिशाच्या वजनावर किमतीत वजावट मिळते. नमस्कार.