प्रागची जुनी ज्यू दफनभूमी

श्रोतेहो, नमस्कार.

चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग. तिथल्या जुन्या ज्यू वस्तीत अडीच एकरांच्या आसपास जमीन आहे आणि तिच्यावर सुमारे बारा हजार शिळा उभ्या आहेत. कलंडलेल्या, जमिनीत रुतलेल्या, एकीला एक रेलून राहिलेल्या. पाहणाऱ्याला वाटतं, इथे कुणी लक्षच देत नसावं. खरं कारण अगदी उलट आहे.

ज्यू धर्मशास्त्रात पुरलेल्या माणसाला हलवणं निषिद्ध आहे. आपल्याकडच्या अनेक दफनभूमींत काही वर्षांनी तीच जागा पुन्हा वापरतात. इथे ती सोय नाही. वस्तीला भिंतींची हद्द होती आणि नवी जमीन मिळणं दुर्मीळ होतं. मग उपाय एकच उरला. बाहेरून माती आणायची, जुन्या कबरींवर तिचा थर पसरायचा, खालच्या शिळा उचलून नव्या पातळीवर रोवायच्या आणि वर नवं दफन करायचं. काही ठिकाणी असे बारा थर असल्याचं सांगतात. म्हणूनच आतली जमीन आजूबाजूच्या रस्त्यांहून उंच आहे, भरावाची माती खचते तशा शिळा कलतात, आणि शिळा जिथे दिसते तिच्या नेमक्या खाली तिचाच माणूस असेल असं नाही. शिळांच्या संख्येवरून दफनांची संख्या काढायला जाऊ नये. दफनं त्याहून कितीतरी जास्त आहेत.

इथली सर्वात जुनी शिळा १४३९ सालची, रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, आणि कवी अविग्दोर कारा यांची. १३८९ मध्ये प्रागच्या ज्यूंची कत्तल झाली, तिच्यावर त्यांनी विलापगीत लिहिलं. त्या काळच्या शिळा साध्या, वालुकाश्माच्या. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून संगमरवर दिसू लागतो आणि श्रीमंतांच्या कबरींवर दगडी घरासारखी, उतरत्या छपराची रचना येते. मोर्देखाय मायझल यांची तशी आहे. ते १६०१ मध्ये वारले. सम्राट रुडॉल्फ दुसरा याचे हे सावकार. वस्तीतले रस्ते फरसबंद करायला आणि सिनगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, बांधायला त्यांनी पैसा दिला. मृत्यूनंतर मात्र दरबाराने त्यांची मालमत्ता जप्त केली.

कोरलेल्या चित्रांकडे जरूर पाहा. आशीर्वाद देणारे दोन हात म्हणजे पुरोहित घराणं, कोहेन. पाण्याची झारी म्हणजे लेवी, पुरोहितांना साहाय्य करणारं घराणं. कात्री शिंप्याची. प्राणी बहुधा नावावरून येतो: इतिहासकार आणि खगोलशास्त्राचे अभ्यासक डेव्हिड गान्स, मृत्यू १६१३, यांच्या शिळेवर हंसासारखा गूज पक्षी आहे, कारण जर्मनमध्ये ‘गान्स’चा अर्थच तो. सर्वात जास्त माणसं थांबतात ती रब्बी लोव, म्हणजे ‘महाराल’, यांच्यापाशी. मातीच्या पुतळ्यात, गोलेममध्ये, त्यांनी प्राण फुंकल्याची दंतकथा बरीच नंतरची. विद्वान म्हणून त्यांचा मान मात्र हयातीतलाच. त्यांच्या कबरीवर लोक खडे आणि चिठ्ठ्या ठेवतात. ज्यू रिवाजात कबरीवर फुलांऐवजी खडा ठेवतात, हे लक्षात असू द्या.

सम्राट जोसेफ दुसरा याने वस्तीत दफन करायला बंदी घातली आणि १७८७ मध्ये इथलं शेवटचं दफन झालं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रस्त्यासाठी एक कोपरा कापला गेला, तेव्हा तिथले अवशेष क्लाउझेन सिनगॉगशेजारच्या टेकाडात पुरले. फ्रान्झ काफ्का यांची कबर इथे शोधू नका. ती १८९० मध्ये सुरू झालेल्या नव्या ज्यू दफनभूमीत आहे, शहराच्या पूर्वेकडे, झेलिव्हस्केहो मेट्रो स्थानकाला लागून. शनिवारी, शब्बाथ या ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसामुळे, दोन्ही जागा बंद असतात.

आता शिळेवरचं साल कसं काढायचं ते सांगतो. हिब्रूत आकडे अक्षरांनी लिहितात आणि वर्षातले हजार बहुधा गाळतात. महाराल यांचं साल शीन, सामेख, टेथ. शीन म्हणजे ३००, सामेख ६०, टेथ ९, बेरीज ३६९. तिच्यात १२४० मिळवले की १६०९, त्यांच्या मृत्यूचं साल. चूक होते ती एका ठिकाणी. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात तिश्री महिन्यापासून सुरू होतं. म्हणून तारीख तिश्रीपासून डिसेंबरअखेरपर्यंतची असेल, तर १२४० ऐवजी १२३९ मिळवायचे. महिना न वाचता नुसतं साल उतरवून घेतलं, की एक वर्ष हमखास पुढे जातं.

हीच किल्ली कोकणात आणि मुंबईत बेने इस्रायल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या दफनभूमींत चालते. तिथे पुष्कळ शिळांवर हिब्रूशेजारी मराठी मजकूर असतो. मराठी मजकुरात इसवी सन दिलेला असेल, तर आपली बेरीज तिथल्या तिथे ताडून पाहता येते.