उतारावरचा छर्रा

नमस्कार श्रोतेहो. मे महिन्याच्या सुट्टीत ठाण्याच्या आमच्या नौपाड्यातल्या घरी दुपारभर टिणटिण आवाज चालायचा. काका वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये कामाला होते. त्यांनी जुन्या बेअरिंगमधले छर्रे आणले, प्लायवूडच्या फळीवर खिळ्यांची अर्धवर्तुळं ठोकली आणि फळीच्या एका टोकाखाली पाट सरकवला. झालं आमचं बॅगाटेल! छर्रा शंभराच्या खिळ्यांपाशी येऊन काठावर घुटमळायचा. तेवढ्यात कुणीतरी गुडघ्याने फळी हळूच ढोसायचं, आणि 'रडीचा डाव' म्हणून गिल्ला सुरू व्हायचा.

आज ज्याच्याबद्दल बोलायचंय तो पिनबॉल, म्हणजे उतरत्या टेबलाच्या यंत्रावर चेंडू खेळवायचा खेळ, याच घराण्यातला. बॅगाटेल अठराव्या शतकातल्या फ्रान्समधलं, बिलियर्ड्ससारखं काठीने खेळायचं. १८७१ साली अमेरिकेत सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी काठी काढून स्प्रिंगचा दट्ट्या बसवला आणि पेटंट घेतलं. १९३१मध्ये, मंदीच्या ऐन कडाक्यात, डेव्हिड गॉटलीब यांचं 'बॅफल बॉल' हे यंत्र आलं. एका सेंटमध्ये डाव! हातात काम नसलेल्या माणसाला एवढीच चैन परवडत होती.

पण तिथेही लोक टेबल ढोसायचेच. त्यावर ही यंत्रं बनवणाऱ्या हॅरी विल्यम्स यांनी केलेला उपाय मला फार आवडतो. टेबलाच्या पोटात धातूच्या कड्यामधून एक लंबक टांगलेला असतो. धक्का जोरात बसला की लंबक कड्याला टेकतो, वीज जोडली जाते आणि डाव बाद. यालाच टिल्ट म्हणतात. म्हणजे थोडं ढोसायला मुभा आहे! ती मर्यादा ओळखणं हेच मुरलेल्या खेळाडूचं कसब.

चेंडू परत वर धाडणाऱ्या दांड्या, म्हणजे फ्लिपर, आल्या १९४७मध्ये, 'हम्प्टी डम्प्टी' या टेबलावर. त्याआधी छर्रा सोडला की थोडं ढोसण्यापलीकडे फक्त बघत राहायचं. म्हणूनच न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांना हा निव्वळ जुगार वाटला. १९४२मध्ये बंदी आली, महापौरांनी स्वतः घण घेऊन यंत्रं फोडली. फ्लिपर आले तरी बंदी उठली नाही, थेट १९७६पर्यंत. त्या वर्षी हा जुगार नाही, कसबाचा खेळ आहे, हे दाखवायला रॉजर शार्प हा तरुण पत्रकार नगर परिषदेपुढे खेळला. त्याने आणलेल्या यंत्राचा एका सदस्याला संशय आला, म्हणून त्याला राखीव ठेवलेल्या दुसऱ्या यंत्रावर खेळावं लागलं. दट्ट्या ओढण्याआधी त्याने सांगितलं, चेंडू मधल्या वाटेने जाईल. आणि गेला! बंदी उठली.

सुमारे ८० ग्रॅमचा पोलादी चेंडू, साडेसहा अंशांचा उतार. चेंडू शेवटी खाली जाणार हे पहिल्या क्षणापासून माहीत असतं. तरीही त्याला आणखी एकदा वर धाडायचा मोह सुटत नाही, कारण तो खराच जड आहे, आणि दांडीवर तो आदळला की तळहाताला कळतं.

पुढे कॉम्प्युटर क्लासमध्ये विंडोज एक्सपीवर 'स्पेस कॅडेट' हा पडद्यावरचा पिनबॉल भेटला. सर बाहेर गेले की सगळ्या पडद्यांवर तोच. तिथे वजन नाही, तळहाताला काही कळत नाही, म्हणून मी जरा हिरमुसलेच होते. मग एके दिवशी चुकून एक्सची कळ दाबली गेली. टेबल हललं. पुन्हा दाबली, पुन्हा हललं. सारखी दाबत राहिले, तेव्हा टिल्ट झालं आणि फ्लिपर गप्प पडले. क्लासची वेळ संपेपर्यंत मी त्या दिवशी दुसरं काही केलं नाही.